कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघा पुढची तीस वर्षं कसा सांभाळायचा?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६. खेळताना गुडघा पिरगळला. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा (हाडावरचं गुळगुळीत आवरण) एका जागी निघून आली होती आणि आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) हीसुद्धा फाटली होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, त्यात मायक्रोफ्रॅक्चर केलं आणि गादीचा फाटलेला भाग कापून काढला. याला दीड वर्ष झालं. रोजच्या कामात दुखत नाही. जिना चढताना करकर आवाज येतो आणि जास्त चाललं की संध्याकाळी गुडघा भरल्यासारखा वाटतो. एक जण सांगतो पळणं कायमचं सोडा, दुसरा म्हणतो बिनधास्त पळा, तिसरा इंजेक्शन सुचवतो. पन्नाशीत गुडघा बदलायची वेळ येऊ नये म्हणून आत्ता काय करावं?

उत्तर:

पळणं, आवाज, इंजेक्शन या सगळ्याकडे येतो. पण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: संध्याकाळी गुडघा भरल्यासारखा वाटतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, शस्त्रक्रिया झालेले गुडघे हेच बरीच वर्षं माझं रोजचं काम आहे, आणि लांबचा विचार करायचा असेल तर मी दुखण्याच्या आधी सुजेबद्दल विचारतो. कूर्चेला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. ती झिजत असते तेव्हा काही कळत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर किंवा वाटीखालची चरबीची गादी, आणि तेही बऱ्याचदा उशिरा. सूज मात्र त्या मानाने लवकर बोलते. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा हिशेब तुमच्या गुडघ्याला लावू नका.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. सांध्यातली मूळ कूर्चा साधारण २ ते ४ मिलिमीटर जाड असते, वाटीच्या मागे त्याहून जाड. तिच्यात दोन-तृतीयांशाहून अधिक पाणी असतं, पेशी अगदी विरळ, आणि रक्तवाहिन्या अजिबात नाहीत. म्हणूनच तिची जखम त्वचेसारखी भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ साली हे लिहून ठेवलं आणि मूळ मुद्दा आजही तसाच आहे. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये उघड्या पडलेल्या हाडाला बारीक भोकं पाडतात, अस्थिमज्जेतलं रक्त वर येऊन तिथे गुठळी धरते आणि काही महिन्यांत त्या जागी नवा भरावा तयार होतो. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रुळवली. भरावा तयार होतो, पण तो मूळ कूर्चेचा नसतो, तंतुमय असतो. मूळ कापडावरचं ठिगळच म्हणा: भोक झाकलं जातं, पोत मात्र वेगळा आणि ताण सोसायची ताकद कमी. जागा लहान असेल, साधारण २ चौरस सेंटिमीटरच्या आत, तर हे ठिगळ चांगलं चालतं. मोठ्या जागेत पहिल्या दोनेक वर्षांत मिळालेला आराम पुढे ओसरत गेलेला दिसतो.

ज्यांच्या गुडघ्यात स्वतःच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून बसवल्या आहेत, त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. स्वीडनमधल्या गटाने १९९४ साली या पद्धतीचे निकाल प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. पण रोपण केलेला भाग पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, ते बदललेलं नाही. अशांनी पळण्याबद्दल मी खाली जे लिहितोय ते आणखी पुढे ढकलावं आणि आपल्या सर्जनना विचारूनच सुरू करावं. गादी कापण्याऐवजी टाके घालून शिवली असेल तर पहिले काही महिने खोल बैठका बंद असतात. तुमच्या बाबतीत तो टप्पा कधीच मागे पडला आहे.

खरं सांगायचं तर तुमच्या केसमध्ये मला ठिगळापेक्षा गादीची काळजी जास्त आहे. गुडघ्यावर येणाऱ्या भारातला निम्म्याहून अधिक भाग या दोन गाद्या पसरवून घेतात. गादी पूर्ण काढली तर हाडं एकमेकांना टेकण्याचं क्षेत्र निम्म्याहून कमी होतं, आणि तोच भार लहान जागेवर पडल्याने तिथला दाब दुप्पट-तिप्पट होतो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये पुढे कोणते बदल दिसतात ते फेअरबँक यांनी १९४८ साली दाखवून दिलं: कडेला हाडाची वाढ, हाडाचं टोक चपटं होणं, सांध्यातली फट कमी होणं. तरीही नंतर कित्येक दशकं गाद्या सर्रास काढल्या जात होत्या. आता शक्य तेवढी वाचवतात. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद शोधून काढा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद. तीत तीन गोष्टी बघा: कूर्चेची जागा नेमकी कुठे आणि किती चौरस सेंटिमीटरची होती, गादी किती कापली आणि कड शाबूत आहे का, आणि बाकीच्या सांध्यातली कूर्चा कशी दिसली. दुर्बिणीतले फोटो दिले असतील तर तेही जपून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा या कागदाचा उपयोग एमआरआयपेक्षा जास्त होईल.

आता सूज. निरोगी गुडघ्यात चार-पाच मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असतो. अस्तराला त्रास झाला की ते जास्त पाणी सोडतं. हे पाणी नुसतं अवघडल्यासारखं करत नाही, ते मांडीच्या पुढच्या स्नायूला बंद पाडतं. निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन टोचून केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की २०-३० मिलिलिटर पाण्यानेच वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडतो, दुखत नसतानाही. म्हणजे दर संध्याकाळी थोडं पाणी होत असेल तर तुम्ही सकाळी कितीही व्यायाम करा, स्नायूला अर्धवटच हुकूम पोहोचतोय. स्नायू कमजोर राहिला की धक्का थेट सांध्यात जातो, सांध्याला त्रास झाला की पुन्हा पाणी. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही पाच-सात वर्षांत कुरकुरणारे जे गुडघे माझ्याकडे येतात, त्यांतले बरेच याच चक्रात अडकलेले असतात.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. पाय लांब पसरून, पाठ टेकून बसा आणि मांडी पूर्ण सैल सोडा. वाटी बोटाने इकडेतिकडे सहज हलली पाहिजे. वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, एक छोटा खळगा दिसतो. तळव्याने त्या खळग्यावरून खालून वर मांडीकडे दोन-तीनदा दाबून हात फिरवा, म्हणजे तिथलं पाणी वर ढकललं जाईल. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरवा आणि नजर खळग्यावर ठेवा. काहीच हललं नाही तर उत्तम. लहानशी लाट येऊन खळगा किंचित भरला तर थोडं पाणी आहे. हात काढल्याबरोबर खळगा आपोआप फुगला, किंवा मुळात खळगाच दिसत नसेल, तर पाणी बऱ्यापैकी आहे. दुसऱ्या गुडघ्यावरही करून बघा, म्हणजे तुमचा ‘नेहमीचा’ कसा दिसतो ते कळेल. पहिल्या वेळी गोंधळ होतो, आठवडाभरात हात बसतो.

हे कधी करायचं? सकाळी उठल्यावर. आदल्या दिवशी नवीन काही केलं असेल, जास्त चाललात, वजन वाढवलं, डोंगर उतरलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा. लाट नेहमीपेक्षा मोठी नसेल तर तो भार गुडघ्याला पचला. मोठी असेल तर पुढच्या वेळी तेच काम थोडं कमी करा. बंद करायची गरज बहुतेक वेळा नसते. दोन-तीन दिवस उलटूनही उतरली नाही तर मात्र मोठा टप्पा मागे या. तुम्हाला संध्याकाळी भरल्यासारखं वाटतं ते सकाळपर्यंत पूर्ण उतरतं की थोडं उरतं, हे दोन आठवडे एका वहीत लिहा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वहीत असेल.

ताकदीबद्दल माझं मत जरा कडक आहे. पाय सरळ वर उचलणं, उशी दाबणं हे पहिल्या काही आठवड्यांचे व्यायाम. दीड वर्षानंतरही लोक तेच करत असतात आणि ‘रोज व्यायाम करतो’ असं सांगतात. चालणं हाही स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम नाही. चालणं सांध्याला चांगलं, हृदयाला चांगलं, पण त्याने मांडी भरत नाही. स्वतःची परीक्षा घ्या: साधारण गुडघ्याच्या उंचीच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा आणि एकाच पायावर उठा, मग सावकाश बसा. चांगल्या पायाने किती वेळा जमतं, शस्त्रक्रियेच्या पायाने किती वेळा? आणि उठताना गुडघा आत वळतो का, शेवटच्या टप्प्यात धप्पकन बसता का? पहिल्यांदा करताना शेजारी टेबल असू द्या. बहुतेकांना धक्का बसतो, कारण दोन पायांवर उठताना चांगला पाय गुपचूप जास्त काम करत असतो. मोजायचं यंत्र कुठे उपलब्ध असेल तर फारच छान; शस्त्रक्रियेच्या बाजूची ताकद दुसऱ्या बाजूच्या निदान ९० टक्के हवी.

ती वाढते वजनाने. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस, लेग प्रेस, पायरीवर चढणं-उतरणं, हातात वजन घेऊन बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी आणि नितंबांसाठी एकेक प्रकार, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. वजन एवढं असावं की ८ ते १२ वेळा करताना शेवटच्या दोन वेळा खरोखर जड जातील. कुठल्या कोनात किती भार द्यायचा हे तुमच्या कूर्चेच्या जागेवर ठरतं. जखम वाटीच्या मागे किंवा वाटी सरकते त्या खाचेत असेल तर खोल बैठका आणि पाय सरळ करण्याचं यंत्र यांचा कोन जपून ठरवावा लागतो. तुमच्यासारखी मांडीच्या हाडाच्या टोकावर असेल तर मोकळीक जास्त असते, तरी पूर्ण खोल वाकून भार घेणं टाळावं. हे ठरवायला एकदा तरी समोरासमोर कुणाला तरी दाखवा. व्हिडिओ बघून कोन ठरवू नका. आणि चार ते सहा महिने धरून चला. सहा आठवड्यांत मांडीचा घेर वाढला नाही म्हणून सोडून देणारे खूप असतात.

आता भाराचे आकडे. बर्लिनमधल्या संशोधकांनी आतच संवेदक बसवलेले कृत्रिम गुडघे वापरून प्रत्यक्ष भार मोजला आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना चढताना तीन पटींहून थोडा जास्त आणि उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. उतरणं चढण्यापेक्षा महाग पडतं. डोंगर चढून जाणाऱ्याचा गुडघा खाली आल्यावर का फुगतो, ते यात आहे. शरीराचं वजनही याच गणितात येतं. गुडघ्याची झीज असलेल्या जाड व्यक्तींच्या एका अभ्यासात, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचं आढळलं. तुमचं वजन किती हे तुम्ही लिहिलेलं नाही. जास्त असेल तर पाच किलो उतरवणं हे कुठल्याही इंजेक्शनपेक्षा मोठं औषध आहे. नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. धूम्रपान करत असाल तर ते मात्र सोडाच. कूर्चेचा भरावा टिकण्यावर त्याचा वाईट परिणाम होतो.

मग पळावं का? २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत, हौशी धावपटूंमध्ये गुडघा-खुब्याची झीज साडेतीन टक्क्यांच्या आसपास, बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे पळण्याने गुडघे झिजतातच असं नाही. पण हा आकडा घेऊन लगेच बूट घालू नका: हे बहुतांशी न कापलेल्या गुडघ्यांचे आकडे आहेत. तुमच्याकडे ठिगळ आहे आणि गादी कमी आहे. माझं उत्तर असं: सकाळची लाट सलग महिनाभर नाही, एका पायावर उठण्यात दोन्ही बाजू जवळपास सारख्या, अर्धा-पाऊण तास झपाझप चालल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा शांत, आणि सर्जनची हरकत नाही, एवढं जमलं तर सुरू करा. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीसेक मिनिटं, एक दिवसाआड. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, वेळ किंवा वेग. चढ-उतार सगळ्यात शेवटी. हौसेपुरतं पळायला मी बहुतेकांना अडवत नाही. मॅरेथॉनचा हट्ट असेल तर मी परावृत्त करतो, आणि झटक्यात वळावं लागणारे, अंगाला अंग भिडणारे खेळ पुन्हा खेळायचे असतील तर किंमत माहीत असू द्या एवढं सांगतो. तिथे निर्णय तुमचा. सायकल आणि पोहणं यांना जवळजवळ कधीच नाही म्हणावं लागत नाही. फक्त बेडकासारखे पाय मारण्याचा प्रकार काही गुडघ्यांना सोसत नाही.

करकर आवाजाची चिंता सोडा. दुखत नसेल, अडकत नसेल, सूज येत नसेल, तर आवाजाला काही अर्थ नाही. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं अधूनमधून जमत असेल तर त्याने गुडघा संपत नाही. तासन्‌तास तसं बसून काम करणं किंवा ओझं घेऊन उठबस करणं वेगळं.

इंजेक्शनं आणि गोळ्या. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनची २००६ सालची मोठी अमेरिकी चाचणी झाली, दीड हजारांहून अधिक रुग्णांची. एकूण गटात या गोळ्या खोट्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराने सलाइन टोचलेल्यांत आणि यांच्यात दुखण्यात वा कूर्चेच्या घनफळात फरक नव्हता. स्टेरॉइडचं इंजेक्शन भडकलेला गुडघा तात्पुरता शांत करतं, पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षं देऊन पाहिलं तेव्हा कूर्चा उलट जास्त घटली. या तिन्ही चाचण्या झीज असलेल्या गुडघ्यांवरच्या आहेत, तुमच्यासारख्या गुडघ्यांवरच्या नाहीत, हे खरं. तरी ‘कूर्चा वाढवणारं’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. तुमच्या आत्ताच्या तक्रारीवर मी तरी कुठलंही इंजेक्शन सुचवणार नाही.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांची तपासायची राहून जाते: पायाची रेषा. खुब्यापासून घोट्यापर्यंत सरळ रेघ ओढली तर ती गुडघ्याच्या मध्याच्या आसपास जायला हवी. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर ती आतल्या कप्प्यातून जाते, आणि तुमची कापलेली गादी नेमकी त्याच कप्प्यात आहे. अशा वेळी व्यायाम, वजन, सगळं नीट करूनही आतली बाजू थकत जाते. उभं राहून काढलेला संपूर्ण पायाचा लांब एक्स-रे हे दाखवतो. आडवं झोपवून काढलेला गुडघ्याचा एक्स-रे याबाबत काहीच सांगत नाही आणि सांध्यातली फटही खोटी मोठी दाखवतो. वाक लक्षणीय असेल, तक्रारी वाढत असतील, तर नडगीचं हाड कापून रेषा सरळ करण्याची शस्त्रक्रिया तुमच्या वयात फार उपयोगी पडू शकते. ती लवकर, बाकीचा सांधा चांगला असताना केली तर. आत्ता काही करावं लागेलच असं नाही, पण हा एक एक्स-रे काढून ठेवा. दरवर्षी एमआरआय काढू नका. ठिगळ चित्रात सुरेख दिसलं म्हणून गुडघा चालतोच असं नाही, आणि ओबडधोबड दिसूनही मजेत चालणारे गुडघे मी पाहिलेत. तक्रारीचं स्वरूप बदललं तरच एमआरआय.

पन्नाशीत गुडघा बदलावा लागेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. दुखापत न झालेल्या गुडघ्यापेक्षा तुमच्या गुडघ्याला झिजेचा धोका जास्त आहे. गादीच्या दुखापतीनंतर तो कित्येक पट वाढतो. पण एक्स-रेवर झीज दिसणं आणि सांधा बदलावा लागणं यात फार अंतर असतं. झीज दिसूनही नीट चालणारे पुष्कळ. कृत्रिम सांध्यांची आजची कामगिरीही वाईट नाही, पूर्ण गुडघा बदललेल्यांत पंचवीस वर्षांनी सुमारे ८२ टक्के सांधे टिकून असतात. फक्त पन्नाशीच्या सुरुवातीला बदलून घेतलेल्या पुरुषांपैकी तिघांतल्या एकाला पुढे कधीतरी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते, सत्तरीनंतर बदलणाऱ्यांत हे प्रमाण विसात एकाच्या आसपास येतं. म्हणून तुमचं उद्दिष्ट ‘कधीच नको’ असं न ठेवता ‘शक्य तेवढं उशिरा’ असं ठेवा. दहा-पंधरा वर्षं पुढे ढकललं तरी खेळाचा निकाल बदलतो.

आणि वाट न बघता दाखवायची वेळ कोणती, तेही लिहून ठेवतो. गुडघा मध्येच अडकून पूर्ण सरळ होत नसेल, चालताना वारंवार दगा देत असेल, किंवा काही न करता सूज आठवड्याहून जास्त टिकली असेल, तर सर्जनना दाखवा. रात्री झोपमोड करणारं, विश्रांतीतही थांबत नसलेलं दुखणं नव्याने सुरू झालं तर तेही. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तातडीच्या विभागात, तेही लगेच.